राखेतले अकरा दाणे

११ सप्टेंबर २०२४, बुधवार

कंपनीने जुलैअखेर निवृत्त केलं तेव्हा शाल, नारळ आणि ही डायरी दिली. अर्धं वर्ष उलटून गेल्यावर डायरी देणारी कंपनी आमचीच. आजपर्यंत कोरीच होती. आज लिहायला घेतली, कारण घरात बोलायला कुणी नाही.

बायको, जगदेवी, परवा लेकीकडे हैदराबादला गेली. मंजुश्रीचं दुसरं बाळंतपण आहे, बीपी वाढलंय, डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलंय. परत कधी येणार विचारलं तर म्हणाली, "लेकरू अडीच-तीन महिन्याचं झाल्याबिगर कुटलं येनं? तवर घर संबाळा. काई हलवू नका म्हंजे झालं."

एकतीस वर्षं मी बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअर सांभाळलं. बिदरला भाड्याची खोली आणि रविवारी इथे गावी, मुडबीला. माझ्याच घरात मी सलग महिनाभर राहिलोय असं लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच घडतंय. परसात कुठे काय आहे हेही मला आज कळलं. मागच्या कुडाजवळ शेवंती आहे. कढीपत्ता आहे. एक दगड आहे, त्यावर बसायला बरं वाटतं.

१५ सप्टेंबर, रविवार

आज स्वयंपाकघराचा स्टॉक घेतला. काय ती अवस्था! तूरडाळ तीन डब्यांत, एकावरही चिठ्ठी नाही. नवीन पुढे, जुनं मागे. आमच्याकडे कुणी असा माल लावला असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर उभा केला असता. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, हा स्टोअरचा पहिला नियम आहे.

सगळ्यात मागे, फळीच्या कोपऱ्यात, डालडाचा गंजका डबा सापडला. आत राख आणि राखेत चवळी. तांबूस दाणा, काळा डोळा, भोवती पांढरी कड. जगदेवी कधीतरी ठेवून विसरली असणार, राखही सांडली असणार. नियमाप्रमाणे तोच डबा आधी काढला. राख परसात नेऊन ओतली, चवळी तीन पाण्यांनी धुतली, भिजत घातली आणि संध्याकाळी उसळ केली.

फर्मास झाली. दोनदा वाढून घेतली. भिंतीपलीकडच्या राजूबाईंना एक वाटी नेऊन दिली. त्यांनी एक दाणा बोटांत धरून विचारलं, "ही चवळी कुटली व अण्णा?"

"घरचीच, राजूअक्का. मागच्या जुन्या डब्यातली."

त्या वाटीकडे बघतच राहिल्या. पुरुषाच्या हातची उसळ आयुष्यात पहिल्यांदा बघत असतील.

१६ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सातला जगदेवीचा फोन. ती एवढ्या सकाळी कधी फोन करत नाही. मंजूचं काही झालं की काय म्हणून माझी पाचावर धारण बसली. पण तसं काही नव्हतं.

"जेवन करायलाव न्हवं येळेवर?" मग जरा थांबून, "अव, फळीवर मागं डालडाचा डबा हाय बगा. त्यात माजी आळंदची चवळी हाय. बी हाय ते. लग्नात मायनं वटीत घातल्यालं. येत्या अमावस्येला जरा ऊन दावा त्याला, न्हाईतर भुंगा लागतो."

"बरं," म्हणालो.

"हाय न्हवं डबा?"

"आहे की."

डबा होता हे खरंच होतं. मग ती म्हणाली, "बरं. मग बगा तुमीच काय ते," आणि फोन ठेवला.

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. दर वर्षी हिने त्यातलं मूठभर कुडाला लावायचं, कोवळ्या शेंगा डिसेंबरातल्या वेळ अमावस्येला शेतात न्यायच्या भज्जीत, त्या मिसळीच्या भाजीत, घालायच्या, वाळलेले दाणे पुन्हा राखेत ठेवायचे. भज्जीतल्या शेंगा मी इतकी वर्षं बाजारातल्या समजून खात होतो. आणि ते बी मी काल सांडगी मिरचीबरोबर खाऊन टाकलं.

सकाळपासून परसातली राख चाळणीने चाळली. वरून पाऊस शिंपडून गेल्यामुळे तिचे गोळे झाले होते, ते बोटांनी फोडले. दुपारपर्यंत अकरा दाणे मिळाले. परत चाळलं, आणखी एकही नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

जगदेवीला सांगून टाकावं असं दोनदा ठरवलं. फोन हातात घेतला की मंजूचं बीपी आठवतं. खरं कारण ते नाही. मला भीती वाटते. ती ओरडेल याची नाही. ओरडणार नाही, गप्प बसेल, याची.

ठरवलंय की हे अकरा दाणे लावायचे. ती येईपर्यंत बी तयार करायचं आणि राखेसकट डब्यात भरून जागेवर ठेवायचं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो, पण मी शेत कधी केलं नाही. वडिलांची, अप्पांची, मेंढरं होती, मग दोन एकर आलं, ते आम्ही बटईने, निम्म्या वाट्याने, दिलंय. तरी दाणा मातीत टाकायला काय मोठं शास्त्र लागतं?

२० सप्टेंबर, शुक्रवार

लागतं. किती खोल घालायचं हेच कळेना. शेवटी बोटाच्या पहिल्या पेराइतकं खोल घातलं. हातभर अंतर ठेवलं. प्रत्येकाशेजारी काडी रोवून चिठ्ठी लावली, एक ते अकरा.

राजूबाई भिंतीवरून बघत होत्या. "काय लावायलाव अण्णा?"

"असंच. फुलझाडं."

"नंबरं टाकून?" म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या.

२५ सप्टेंबर, बुधवार

आले! आठ आले. दाणा सरळ वर येत नाही, आधी मान वाकवून पाठ बाहेर काढतो आणि मग डोकं ओढून घेतो. एकसष्ट वर्षांचा झालो, हे कधी बघितलं नव्हतं. दगडावर दोन तास बसलो होतो, चहा गार झाला.

तीन, सात आणि नऊ आले नाहीत म्हणून उकरून बघितले. तीन आणि नऊ कुजले होते. सातला मोड होता, वर यायच्याच बेतात होता. माझ्या नखाने मोडला. इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्याची सोय नाही. मीच मोडला.

२८ सप्टेंबर, शनिवार

काल राजूबाईंच्या कोंबडीने दोन रोपं उकरली. चार आणि पाच. उरली सहा. कोंबडीला जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. जगदेवीला फोनवर सहज म्हणालो की शेजारच्या कोंबड्यांचा फार त्रास आहे. आज सकाळी राजूबाई स्वतः बाभळीच्या काटेरी फांद्या घेऊन आल्या आणि रोपांभोवती कुंपण करून गेल्या. शरमल्या असाव्यात.

६ ऑक्टोबर, रविवार

नात झाली! दोघी सुखरूप. संगमेशने, जावईबापूंनी, फोटो पाठवला. मंजूचा आवाज थकलेला होता पण हसत होती. "अप्पा, तुमी सकाळी पाचला उटायलाव म्हण?" तिला कुणी सांगितलं कोण जाणे. निवृत्त झाल्यावर दीड महिना नऊशिवाय अंथरूण सोडत नव्हतो, ते तिच्या डोक्यात बसलं असेल.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.

रोपांना तीन-तीन पानं फुटत चाललीत. बटईदाराकडून मूठभर युरिया आणला आणि सणाचं म्हणून सहाही जणांना वाढला.

२३ ऑक्टोबर, बुधवार

काय वाढलेत! पान तळहाताएवढं, काळंभोर हिरवं. कुडावर चढून पलीकडे डोकावायला लागले. क्रमांक आठने तर शेवंतीला मिठी मारली आहे. हे असं चाललं तर डबा कमी पडेल, पोतं आणावं लागेल.

५ नोव्हेंबर, मंगळवार

एकाही वेलाला फूल नाही. आज सेहेचाळीस दिवस झाले. नुसती पानं. सगळं आहे आणि जे पाहिजे तेच नाही.

संध्याकाळी जगदेवीचा फोन आला. बाळाचं, दुधाचं, मंजूच्या पथ्याचं झाल्यावर तिने विचारलं, "परसातली शेवंती कशी हाय?"

"बरी आहे. पानं खूप आलीत, फूल मात्र नाही." शेवंतीला कधीच फुलं लागलीत, पण माझ्या तोंडून दुसरंच निघून गेलं.

"काई खत घातलाव का?"

"थोडा युरिया."

"अग बया," ती म्हणाली. "युरिया कामून घातलाव? पानं खाऊन फुगून बसला आसंल येल. न्हाई, शेवंती."

शेवंतीला ती वेल म्हणाली. बाळामुळे झोप होत नसेल बिचारीची.

६ नोव्हेंबर, बुधवार

राजूबाई सकाळीच भिंतीशी. "अण्णा, त्या फुलझाडास्नी आता पानी तोडा म्हण. आठ दिस घालूच नका. आन् शेंडे खुडा. शेंड्याची भाजी करून खावा, चांगली लागते म्हण."

त्यांना एवढं कळतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या दारात तुळससुद्धा टिकत नाही. पण माणसाने शिकायला लाजू नये. शेंडे खुडले, कांदा-लसूण घालून भाजी केली. खरंच चांगली लागली. खाताना मात्र जपून, मोजून खाल्ली. मागचा अनुभव आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

फूल!

क्रमांक दोनवर, सकाळी सहाला. फिकट जांभळं, मध्ये पिवळसर, आणि आकार असा की जणू कुणी टोपडं घातलंय. दहाला परत बघितलं तर मिटायला लागलं होतं, अकराला पार मिटलं. मला वाटलं ऊन लागलं, चादर बांधून सावली केली. दुसरी दोन उद्या उघडतील असं दिसतंय, तेव्हा कळेल.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

चादर काढली. त्याची रीतच ती आहे. सकाळी उघडायचं, जेवायच्या आधी मिटायचं. सरकारी कार्यालयापेक्षा वेळ कमी, पण नेमाने.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मुंग्या आल्या आहेत. पावडर आणायला दुकानापर्यंत गेलो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो, कारण एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या पानाला जात नाहीत, फुलाला जात नाहीत. शेंग जिथे धरते त्या दांडीच्या टोकाशी थांबतात. माझा वाचायचा चष्मा आणि मंजूच्या शाळेतलं जुनं भिंग, दोन्ही लावून बघितलं. तिथे बारीक थेंब असतो. बोट लावून चाटला. गोड!

फुलाबाहेर कुणासाठी हे गोड ठेवलंय? मुंग्यांसाठीच ठेवलं असेल तर त्या बदल्यात काय करतात? क्रमांक सहावर एक हिरवी अळी दिसली होती, तिला चार मुंग्यांनी ओढत खाली नेलं. म्हणजे पहारेकरी. पण क्रमांक दहाच्या शेंड्यावर काळा मावा आहे आणि तिथे याच मुंग्या त्याच्याभोवती नातेवाइकासारख्या फिरतात. त्या कुणाच्या बाजूच्या आहेत ते मला कळलेलं नाही. कोळारच्या गेटवर असे दोन-तीन पहारेकरी आम्हालाही होते.

फोनवर जगदेवीला मुंग्यांचं सांगत बसलो. शेवंतीवरच्या म्हणून. वीस मिनिटं ती ऐकत होती. एवढं बोलणं आमचं फोनवर कधी झालं नव्हतं. दर रविवारी घरी यायचो तेव्हाही नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

राजूबाईंनी चुलीची राख आणून दिली. पहाटे दव असताना माव्यावर उधळायची म्हणे. मावा गेला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

शेंगा जोडीजोडीने धरतात. एका दांडीला दोन, पाय पसरून बसल्यासारख्या. टोक जांभळं. वीतभर झाल्या आहेत, कोवळ्या, मोडल्या तर टचकन मोडतील. तोंडाला पाणी सुटलं, पण एकीलाही हात लावला नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

जगदेवीचा फोन आळंदहून! दोन दिवसांसाठी भावाकडे, काशप्पाकडे, आली आहे. अडीचशे किलोमीटर येऊन दोन दिवस आळंद आणि पुन्हा हैदराबाद! भावाची एवढी आठवण तिला कधी आली नव्हती. आवाज पडलेला वाटला. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काई न्हाई. पाच घरं फिरले. समदे आता दुकानातलं पाकीट लावायलेत." कसलं पाकीट ते मी विचारलं नाही. ती वेळ अमावस्येला नक्की घरी येते म्हणाली. माझं लक्ष तारखेकडे. तीस तारीख. पंचवीस दिवस.

९ डिसेंबर, सोमवार

पहिली शेंग वाळली. दुपारी काढू म्हणून ठेवली आणि दुपारी उन्हात ती फट्कन फुटली. टरफलं पिळून गेली, दाणे उडाले. गुडघ्यावर बसून दीड तास शोधले. टरफलात बारा खाचा, दाणे सापडले नऊ. तीन कुठे गेले ते त्या मातीला माहीत. आता रोज सकाळी, दव असतानाच, पिवळी पडलेली शेंग काढतो.

दाणा हातात घेतला तर तोच. तांबूस, काळा डोळा, भोवती पांढरी कड. मला एकदम रडू आलं. कुणी बघत नव्हतं म्हणून येऊ दिलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

भोक पडलेले, सुरकुतलेले बाजूला काढले. चांगले दाणे तीनशे बेचाळीस. चार दिवस कडक ऊन दाखवलं. राजूबाईंकडून राख आणली, चाळून घेतली, डब्यात एक थर राख, एक थर चवळी. वरून झाकण घट्ट. फळीवर मागे, कोपऱ्यात, होता तिथे. डब्यावर चिठ्ठी लावायला हात शिवशिवले, पण आवरलं. आधी डबा शिगोशीग होता, आता निम्मासुद्धा नाही. तिने उघडला नाही तर बरं.

२८ डिसेंबर, शनिवार

आली. बसमधून उतरली तेव्हा वाळलेली दिसली. घरात शिरून आधी परसात गेली. कुडावरच्या सहा वेलांकडे, काड्यांकडे, चिठ्ठ्यांकडे बघत उभी राहिली. मी म्हणालो, "फुलझाडं लावली होती." ती "व्हय" म्हणाली आणि क्रमांक दोनचं एक वाळकं पान खुडून घेतलं.

२९ डिसेंबर, रविवार

उद्याच्या भज्जीची तयारी करताना तिने डालडाचा डबा खाली काढला. मी दारात उभा. तिने राखेत हात घातला आणि मूठभर दाणे तळहातावर घेतले. एकेक उलटून बघत होती. मला ते सहन होईना.

"जगदेवी, हे ते नाहीत," म्हणालो. "ते मी खाल्ले. तू गेल्यावर आठवड्याच्या आतच. अकरा उरले होते."

तिने मान वर केली नाही. "उसळ कशी झाल्ती?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुला माहीत होतं?"

"आळंदला गेलते की. भावाकडं, चुलत्याकडं, मायच्या शेजारनीकडं. कुटंच हे बी न्हाई ऱ्हायलं. तवा लई रडू आलं बगा. मग म्हनलं, तुमच्याकडं सा झाडं हायत. देवानं ठिवली तर ऱ्हातील."

सहा झाडांचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. हे सगळं तिला कसं कळलं ते अजून माझ्या ध्यानात आलेलं नाही. मागाहून राजूबाईंना विचारलं तर त्या हसत आत गेल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून दाने परत येनार व्हते? आन् तुमी रोज मुंग्या सांगायलता फोनवर." एवढं बोलून तिने दाणे परत राखेत सोडले. झाकण लावता लावता थांबली. "चौतीस साल झाले. माय म्हनायची, बियाचा दाना खायचा न्हाई. सालाला मूठभर लावायचे, येतील तेवडे पुन्ना ठिवायचे. शेंगा खाल्ले, शेंडे खाल्ले. वाळल्या दान्याची उसळ म्या एकदाबी खाल्ली न्हाई. कशी लागते व?"

मला लाज वाटली. मी दोनदा वाढून घेतली होती.

३० डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या.

पहाटे उठलो. डबा काढला, वरची एक मूठ घेतली. बेचाळीस दाणे. रात्रीच भिजायला हवे होते, म्हणून जास्त वेळ शिजवले. कांदा, लसूण, थोडं शेंगदाण्याचं कूट. दोन घासांपुरतीच झाली. डब्यात तीनशे राहिले, ते खालच्या राखेत दाबून ठेवले.

आधी तिला ते बरोबर वाटलं नाही. "बी कामून मोडलाव?" म्हणाली. मी म्हणालो, पुढच्या वर्षी मी लावणार आहे, युरिया न घालता. मग ती चुलीजवळ बसली. भज्जीचं पातेलं, आंबिलीचं मडकं, शेतात न्यायचं सगळं बांधून तयार होतं. बटईदाराची बैलगाडी दारात उभी होती. तिने गाडीला थांबायला लावलं आणि वाटी हातात घेतली.

एक घास खाल्ला. चावत राहिली, बराच वेळ. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, एकतीस वर्षांत कुठल्या साहेबाच्या तोंडाकडे असं बघितलं नसेल.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, दुसरा घास संपवला आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायला वाटी पुढे केली. उसळीच्या पातेल्यात आणखी काही नव्हतं.